जास्त तेलाचा मका कोकणात परवडतो का? पोत्यापासून पिंजऱ्यापर्यंत आणि गोठ्यापर्यंतचा हिशोब

साध्या मक्यात साडेतीन ते साडेचार टक्के तेल असतं. जास्त तेलाच्या म्हणून निवडलेल्या मक्यात ते सहा ते आठ टक्क्यांपर्यंत जातं. दाण्यातलं बहुतेक तेल कोंबात असतं, म्हणून या मक्याचा कोंब मोठा आणि पिठूळ भाग थोडा कमी. तेलात पिष्टापेक्षा सव्वादोन पट ऊर्जा असते, हे पशुखाद्य विकणारा प्रत्येक जण सांगतो आणि ते खरंही आहे. पण त्या वाढीव ऊर्जेचे पैसे किती द्यायचे, हा प्रश्न तेवढ्याने सुटत नाही. माझं म्हणणं असं की या मक्याची किंमत त्यातल्या तेलावर ठरत नाही. तो आल्यामुळे तुमच्या मिश्रणातून दुसरं काय वगळता आलं, त्यावर ती ठरते. एकच पोतं एका शेतकऱ्याला किलोमागे पावणेतीन रुपये जास्त देण्याच्या लायकीचं असतं आणि शेजारच्याला जेमतेम एक रुपयाच्या. खाली हा हिशोब टप्प्याटप्प्याने मांडला आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात १८९६ पासून जास्त तेलासाठी मक्याची निवड सुरू झाली. ती पिढ्यानपिढ्या चालू राहिली आणि त्या वाणात तेल वीस टक्क्यांच्या पुढे गेलं. पण तसल्या वाणाचं उत्पादन फार कमी. १९९०च्या दशकात तिथे एक युक्ती निघाली. चांगल्या उत्पादनाच्या नर-वंध्य (स्वतःचा पराग न देणाऱ्या) संकरित मक्यात आठ-नऊ टक्के झाडं जास्त तेलाच्या परागकणांची लावायची. परागाचा परिणाम त्याच हंगामातल्या दाण्याच्या कोंबावर होतो, त्यामुळे तेल वाढतं. काही वर्षं हा मका तिथे जोरात पेरला गेला, मग ओसरला. खाद्यात घालायची चरबी आणि तेल स्वस्त झालं की जास्त तेलाच्या दाण्याला कोणी वाढीव भाव देत नाही, आणि तो मका शेतापासून गोदामापर्यंत वेगळा ठेवायचा खर्च मात्र सुटत नाही. आपल्याही हिशोबाचं सगळं मर्म यात आहे.

आपल्याकडे जास्त तेलाच्या मक्याचा असा स्वतंत्र, खात्रीचा बाजार अजून उभा राहिलेला नाही. क्वालिटी प्रोटीन मका म्हणून एचक्यूपीएम-१ सारखे संकरित वाण आहेत. ते वेगळे. त्यांत लायसिन आणि ट्रिप्टोफॅन हे प्रथिनांचे आवश्यक घटक जास्त असतात, तेल नव्हे. व्यापारी दोन्ही एकाच दमात सांगत असेल तर तिथेच थांबून विचारा.

पहिली पायरी: खाद्य कोण ठरवतं?

कोकणात ब्रॉयलर पाळणारे बरेच जण कंपनीशी करार करून पाळतात. पिल्लू कंपनीचं, खाद्य कंपनीचं, औषध कंपनीचं. शेतकऱ्याला किलोमागे पाळणावळ. तुम्ही त्यांत असाल तर हा मका घ्यायचा की नाही हा निर्णय तुमचा नाहीच. तुमच्या हातात आहे ते खाद्य कोरडं ठेवणं आणि सांडू न देणं. पुढचा हिशोब त्यांच्यासाठी, जे स्वतः मका आणून भरडतात: स्वतःचं खाद्य बनवणारे ब्रॉयलर आणि गावठी कोंबडीवाले, अंड्यांच्या कोंबड्या ठेवणारे, दहा-पंधरा गाई-म्हशींचे गोठेवाले.

दुसरी पायरी: दारात पडलेला भाव काढा, तोही कोरड्या दाण्याचा

मका आपल्याकडे मुख्यतः घाट उतरून येतो. बाजार समितीतला भाव, हमाली, भाडं, पोत्याची तूट हे सगळं धरून रत्नागिरी किंवा कणकवलीच्या दारात काय पडलं, तो खरा भाव. मक्याचा हमीभाव २०२४-२५ साठी क्विंटलला २,२२५ रुपये होता आणि २०२५-२६ साठी २,४०० झाला. बाजारभाव त्याच्या खाली-वर होत असतो. इथेनॉलसाठी मका जाऊ लागल्यापासून खाद्यवाल्यांना मका स्वस्तात मिळण्याचे दिवस कमी झाले. या लेखात मी दारातला भाव किलोला २४ रुपये, खाद्यतेल १२० आणि सोयाबीन पेंड ४२ रुपये धरली आहे. हे उदाहरणाचे आकडे आहेत. तुमच्या आठवड्याचे भाव घालून हाच हिशोब परत करा.

ओलाव्याकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. १२ टक्के ओलाव्याच्या मक्यात किलोला ८८० ग्रॅम कोरडा दाणा, १४ टक्क्यांच्या मक्यात ८६०. भाव तोच असला तर दुसऱ्यात तुम्ही किलोमागे साधारण ५५ पैसे पाण्याला दिले. पुढे दिसेल की जास्त तेलामुळे होणारा फायदा कित्येकांना रुपया-सव्वा रुपयाचाच असतो. त्यातले अर्धे पैसे इथेच वाहून जातात. म्हणून वाढीव तेलाची गोष्ट ऐकण्याआधी ओलावा मोजा. मीटर नसेल तर कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर मका आणि दोन चमचे मीठ घालून मिनिटभर हलवा. मीठ दाण्याला किंवा काचेला चिकटलं तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे असं समजा. कोकणात पावसाळ्यात मीठ स्वतःच ओलं असतं, तेव्हा आधी ते तव्यावर कोरडं करून गार करून घ्या, नाहीतर चांगला मकाही नापास होईल.

भाड्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते: जास्त ऊर्जेचा मका आणला की घाटातलं भाडं वाचतं. हिशोब करून पाहा. किलोला दोन रुपये भाडं धरलं आणि ऊर्जा साडेचार टक्के जास्त असली तरी बचत नऊ पैशांची.

तिसरी पायरी: ब्रॉयलरचा हिशोब

साध्या मक्यातून कोंबडीला किलोमागे सुमारे ३,३५० किलोकॅलरी उपयोगी ऊर्जा मिळते. तेल एक टक्का वाढलं की साधारण ४५ ते ५० किलोकॅलरी वाढतात. ३.८ टक्क्यांचा मका ७ टक्क्यांचा झाला तर वाढ सुमारे १५० ची, म्हणजे मका ३,५०० चा झाला.

ब्रॉयलरच्या शेवटच्या टप्प्यातल्या खाद्याला ३,१०० ते ३,२०० किलोकॅलरी लागतात. नुसता मका आणि सोयाबीन पेंड घालून तिथे पोचता येत नाही, म्हणून दोन ते चार टक्के तेल घालावं लागतं. आता एक टन खाद्य घ्या, त्यात ६०० किलो मका. तो जास्त तेलाचा घातला तर ६०० गुणिले १५०, म्हणजे ९०,००० किलोकॅलरी जास्त आल्या. त्यामुळे बाहेरचं तेल कमी करता येईल. एक किलो तेल (सुमारे ८,७०० किलोकॅलरी) काढून त्या जागी एक किलो मका घातला की ५,२०० कमी होतात. ९०,००० भागिले ५,२००, म्हणजे साधारण १७ किलो तेल वाचलं आणि त्या जागी १७ किलो मका गेला. किलोमागे फरक १२० वजा २४, म्हणजे ९६ रुपये. सतरा किलोंचे १,६३२ रुपये. ते ६०० किलो मक्यावर वाटले की किलोला २ रुपये ७२ पैसे.

या मक्यात प्रथिनंही अर्धा ते एक टक्का जास्त असतात. पण मक्याचं प्रथिन लायसिनला कमी, त्यामुळे सोयाबीन पेंड वाचते ती थोडीच. त्याचे २० पैसे धरा. एकूण झाले २ रुपये ९० पैसे. दारात हा मका २७ रुपयांना पडत असेल तर तुम्ही दहा पैसे तोट्यात आहात, वर वेगळी पोती सांभाळायची कटकट. साडेपंचवीसला पडत असेल तर घ्यावा.

आता तेलाचा भाव १२० वरून ८० वर आणा, बाकी सगळं तेच ठेवा. वाचलेल्या सतरा किलोंचे फक्त ९५२ रुपये होतात आणि मक्याच्या किलोमागे १ रुपया ५९ पैसे. म्हणजे हा मका घ्यायचा की नाही हे मक्याच्या भावावरून कमी आणि तेलाच्या भावावरून जास्त ठरतं. वर्षभराचा सौदा एका भावाला करू नये तो याच कारणाने.

चौथी पायरी: तेल घालतच नसाल तर?

कोकणातले बरेच छोटे खाद्य बनवणारे तेल घालत नाहीत. हाताने किंवा फावड्याने मिसळताना तेलाच्या गुठळ्या होतात, एका पोत्यात जास्त आणि दुसऱ्यात कमी जातं. अशा माणसाला हा मका खरोखर उपयोगी पडू शकतो, आणि इथे मी मनापासून त्याच्या बाजूने आहे. तेल दाण्यातच असल्यामुळे ते सारखं पसरतं, भरडताना धूळ कमी उडते आणि जी ऊर्जा एरवी त्याला गाठताच येत नव्हती ती गाठता येते.

त्याचा पैशातला हिशोब असा. खाद्यात ६० टक्के मका म्हणजे खाद्याची ऊर्जा किलोमागे ९० किलोकॅलरींनी, सुमारे तीन टक्क्यांनी, वाढली. कोंबडी ऊर्जेवर पोट भरते, म्हणून ती तीन टक्के कमी खाईल. दोन किलोच्या पक्ष्याला किलो वजनामागे १.७ किलो प्रमाणे ३.४ किलो खाद्य लागत होतं, त्यात शंभर ग्रॅम वाचलं. खाद्य ३८ रुपयांचं असलं तर पक्ष्यामागे ३ रुपये ८० पैसे.

पण ती कमी खाते तेव्हा प्रथिनंही कमी खाते. म्हणून सोयाबीन पेंड आणि लायसिन-मिथिओनिन त्याच प्रमाणात वाढवायलाच हवं. नाहीतर वजन तेच भरेल पण पोटात चरबी साठेल, आणि कापल्यावर गिऱ्हाईक ती बाजूला काढेल. या वाढीव पेंडीचे पक्ष्यामागे अर्धा रुपया वजा करा. पक्ष्याने खाल्लेला मका दोन किलो. हातात राहिले किलोमागे दीड रुपयाच्या आसपास. एवढीच याची कमाल किंमत.

अंड्यांच्या कोंबडीला मात्र २,६०० ते २,७०० किलोकॅलरीचं खाद्य पुरतं. तिच्या मिश्रणात ऊर्जा खाली आणायला उलट कोंडा घालावा लागतो. तिथे जास्तीच्या १५० किलोकॅलरींची किंमत साध्या मक्याच्याच दराने, म्हणजे किलोला रुपयाभर. मक्याच्या तेलातल्या लिनोलिक आम्लामुळे अंड्याचं वजन वाढतं हे बरोबर आहे, पण मक्यावर पोसलेल्या कोंबडीला ते आधीच पुरेसं मिळालेलं असतं.

पाचवी पायरी: गाय आणि म्हैस

दहा लिटर दूध देणाऱ्या संकरित गाईला दिवसाला पाच किलो खुराक, त्यात दोन किलो मका भरडा असं धरू. जास्त तेलाचा मका दिला तर तिच्या पोटात ६४ ग्रॅम तेल जास्त गेलं. ऊर्जेच्या हिशोबाने ते साध्या मक्याच्या शंभर ग्रॅमएवढं. शंभर ग्रॅम मका २ रुपये ४० पैशांना येतो. दोन किलोंवर वाटला की किलोला १ रुपया २० पैसे. दहा लिटरच्या गाईच्या पोटात शंभर ग्रॅम मक्याला जागा नाही असं कधीच होत नाही. मग वेगळा मका कशाला शोधायचा? तेवढी ओंजळ जास्त घाला.

वीस-पंचवीस लिटरच्या पुढच्या गाईचं वेगळं. व्याल्यानंतरच्या दोन-अडीच महिन्यांत ती दुधाला लागेल तेवढं खाऊ शकत नाही, अंगावरची चरबी जाळते. तिथे थोड्या जागेत जास्त ऊर्जा हवी असते. पण त्यासाठी बायपास फॅट (पहिल्या पोटात न विरघळता पुढे जाऊन पचणारी चरबी) आहे, आणि ते जास्त सुरक्षितही आहे, कारण मक्याचं तेल असंतृप्त असतं. भरड बारीक असली, वैरण कमी असली आणि असं तेल जास्त गेलं की पहिल्या पोटातल्या जिवाणूंची घडी बिघडते आणि दुधाचा फॅट खाली येतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ), म्हशीच्या दुधाला ६ फॅट आणि ९ एसएनएफवर भाव ठरतो. तिथे पॉइंट-दोन पॉइंट गेले तर तेलाने दिलेलं सगळं डेअरीत परत जातं. एकूण कोरड्या आहारात सगळ्या मार्गांनी येणारं तेल पाच-सहा टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका. सरकी पेंड, खोबऱ्याची पेंड आणि कोंडा आधीच घालत असाल तर तुम्ही त्या रेषेच्या जवळ असण्याची शक्यता बरीच.

कोकणातल्या गोठ्यात बहुधा ऊर्जेआधी हिरव्या वैरणीची आणि प्रथिनांची टंचाई असते. जानेवारीनंतर नुसता भाताचा पेंढा आणि वाळलेलं डोंगरी गवत. अशा गाईला तेलाचा मका घालणं म्हणजे दुखणं एकीकडे आणि लेप दुसरीकडे. तोच पैसा नेपिअर गवताच्या ठोंबांवर, पेंडीवर आणि खनिज मिश्रणावर घाला. कोकण कपिला या इथल्या कमी दुधाच्या देशी गाईंना तर याची गरजच नाही. कोकण कन्याळ शेळीचंही तेच: पाल्यावर चरून येणाऱ्या शेळीला शे-दीडशे ग्रॅम भरडा मिळतो, त्यात तेल किती याने काही बदलत नाही.

सहावी पायरी: दाराशी काय आहे ते पाहा

जास्त तेलाचं खाद्य कोकणात आधीपासून आहे. भाताचा न पिळलेला, स्वच्छ कोंडा बारा ते अठरा टक्के तेलाचा असतो. मात्र जुन्या हलर गिरणीतून येणाऱ्या कोंड्यात तूस मिसळलेलं असतं; त्यात तेल कमी आणि जनावराला न पचणारी सिलिका जास्त. भाताचं तूस आधी वेगळं काढणाऱ्या गिरणीतला कोंडा निवडा, चोळून पाहा, बोटाला तेलकट लागला पाहिजे. हा कोंडा काही दिवसांतच खवट होतो, म्हणून आठवड्यापुरताच आणावा. गाईच्या खुराकात पाचव्या हिश्श्यापर्यंत चालतो, कोंबडीच्या खाद्यात बराच कमी.

खोबऱ्याची घाणीतली पेंड दुसरी. प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास, तेल सात ते दहा टक्के, आणि ते तेल संतृप्त. दुभत्या जनावराला ही पेंड फार मानवते. भिवंडीपासून सावंतवाडीपर्यंत जिथे भाव बरा मिळेल तिथे मी आधी हीच घेईन.

इथेनॉल कारखान्यांतून येणारं मक्याचं डीडीजीएस, म्हणजे उरलेला वाळवलेला चोथा, हे तिसरं. पिष्ट निघून गेल्यामुळे त्यात प्रथिनं आणि तेल जवळजवळ तिप्पट होतात. पण मक्यात बुरशीचं विष असेल तर तेही तिप्पट होतं. तपासणीचा अहवाल मागितल्याशिवाय घेऊ नका, दुभत्या जनावराला तर नाहीच.

सातवी पायरी: पावसाळा

सगळा हिशोब जमला आणि साठवण चुकली तर काहीच उरत नाही, म्हणून इथे थोडं थांबू. मक्याचा दाणा हवेतला ओलावा ओढतो. हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असली की १२ टक्क्यांवर आणलेला उघडा मका काही आठवड्यांत १६-१८ टक्क्यांवर जातो. अस्परजिलस बुरशीला तेवढं पुरतं. तेलकट दाण्यात पाणी साठायला जागा कमी, म्हणून तेवढ्याच ओलाव्याला तो आधी बिघडतो. साधा मका १३ टक्क्यांवर ठेवत असाल तर हा १२ च्या खालीच हवा. भरडल्यावर कोंब फुटून तेल हवेला लागतं आणि खवटपणा सुरू होतो. उन्हाळ्यात आठवड्याचं, जून ते सप्टेंबर तीन-चार दिवसांचंच भरडा.

पोती जांभ्याच्या भिंतीपासून हातभर आणि जमिनीपासून वीतभर वर, लाकडी फळ्यांवर. मातीची जमीन असेल तर फळ्यांखाली जाड प्लास्टिक. कडक ऊन मिळेल त्या मे महिन्यात सुकवून, आतून प्लास्टिकच्या हवाबंद पिशव्यांत किंवा झाकणाच्या पिंपांत भरून ठेवा. पावसाळ्यात एकदा उघडलेलं पिंप लवकर संपवा. पावसाळ्यातच आणायचा असेल तर पंधरा दिवसांपेक्षा जास्त साठा नको, भाव थोडा जास्त पडला तरी चालेल.

अफलाटॉक्सिनची, म्हणजे या बुरशीच्या विषाची, मर्यादा पशुखाद्यात किलोला २० मायक्रोग्रॅम, दुधात उतरणाऱ्या त्याच्या एम-१ रूपाची ०.५ मायक्रोग्रॅम. हिरवट-पिवळी बुरशी दिसणारं पोतं चाळून, धुऊन वापरू नका. विष डोळ्यांना दिसत नाही आणि भाजून जात नाही.

आठवी पायरी: स्वतः पिकवायचा असेल तर

भात कापल्यावर पाणी असलेल्या मळ्यात रब्बी मका होतो. पण या प्रकारच्या मक्याचं उत्पादन साध्यापेक्षा पाच-दहा टक्के कमी धरावं लागतं. एकरी वीस क्विंटल साधा मका २४ रुपयांनी ४८,००० चा. सहा टक्के घट धरली तर १८.८ क्विंटल. तेवढेच पैसे हाती यायला त्याला २५ रुपये ५३ पैसे भाव हवा, म्हणजे दीड रुपया नुसत्या बरोबरीसाठी. बियाण्याचा जादा खर्च वेगळा. शेजारच्या मळ्यात साधा किंवा मधुर मका फुलोऱ्यात असेल तर त्याचा पराग येऊन तुमच्या दाण्यातलं तेल त्याच हंगामात उतरतं, तेव्हा किमान दोनशे मीटर अंतर किंवा पेरणीत तीन-चार आठवड्यांचा फरक लागतो. कोकणातल्या तुकड्या-तुकड्यांच्या शेतात हे सांभाळणं अवघड आहे. मळ्यातला मका ओल्या कणसांनी किंवा चाऱ्यासाठीच विकावा असं मला वाटतं. करून पाहायचंच असेल तर आधी दापोलीच्या कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात वाणाबद्दल विचारा.

नववी पायरी: तेल तपासा, मग जनावरावर तपासा

विकणाऱ्याच्या तोंडी शब्दावर रुपया जास्त देऊ नये. दहा-बारा पोत्यांतून, वरून-मधून-तळातून थोडे थोडे दाणे घेऊन एकत्र करा आणि अर्धा किलोचा नमुना खाद्य तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कच्ची चरबी (म्हणजे तेल), ओलावा आणि अफलाटॉक्सिन यांसाठी द्या. घरच्या घरी दाणा ब्लेडने उभा चिरून साध्या मक्याच्या दाण्याशेजारी ठेवा. कोंब स्पष्टपणे मोठा दिसला पाहिजे. याने टक्केवारी कळत नाही, पण साधाच मका वाढीव भावाला येत असेल तर ते कळतं. सौद्यात भाव तेलाच्या टक्क्यावर बांधा: चार टक्क्यांच्या वरच्या प्रत्येक टक्क्याला इतके पैसे, आणि ओलावा बारा टक्क्यांच्या वर गेला तर इतकी कपात. तेल घालणाऱ्या ब्रॉयलरवाल्याने वरच्या भावांत टक्क्याला ऐंशी-नव्वद पैशांच्या वर जाऊ नये, गोठेवाल्याने पस्तीस-चाळीसच्या वर नाही.

मग एक खेप घ्या. ब्रॉयलरची एकाच दिवसाची पिल्लं दोन कप्प्यांत सारख्या संख्येने, एकाला जुनं खाद्य, दुसऱ्याला नवं. दोन्हींचं रोजचं खाद्य आणि आठवड्याचं वजन वहीत लिहा, मेलेल्या पक्ष्याचं वजनही. गाईंवर पाहायचं असेल तर तीन आठवडे साधा, तीन आठवडे नवा, परत तीन आठवडे साधा मका द्या आणि डेअरीची फॅट-एसएनएफची पावती रोज जपून ठेवा. प्रत्येक टप्प्याचा पहिला आठवडा हिशोबात धरू नका, कारण पोटातल्या जिवाणूंना नव्या खाद्याची सवय व्हायला तेवढे दिवस जातात. मधल्या टप्प्यात फॅट उतरून तिसऱ्यात परत चढला, तर दुसरी खेप मागवू नका.